दातकाकांची सेक्रेटरी

गल्लीत त्यांना सगळे दातकाका म्हणत. वय काका म्हणण्याइतकं नव्हतं. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, केस काळे, आणि स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर. पण ज्याच्या दाराशी साठीपुढची माणसं आपली गुपितं रुमालात झाकून आणतात, त्याला काका नाही तर काय म्हणणार?

ते कवळ्या करत. दाताचा डॉक्टर हिरड्यांचं माप घेतो, एवढंच लोकांना ठाऊक असतं. त्या मापावरून प्लास्टरचा साचा ओतायचा, त्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचा, गुलाबी पावडर आणि एक उग्र वासाचं पातळ औषध कालवून हिरडी घडवायची, ती उकळून पक्की करायची आणि शेवटी मोटरवर घासून गुळगुळीत करायची, हे सगळं कुठल्या तरी मागच्या खोलीत बसलेला दुसराच माणूस करतो. डॉक्टरचं नाव होतं, हसणाऱ्याचा फोटो चांगला येतो, आणि ह्या माणसाच्या वाट्याला येते नाकातोंडात गेलेली पांढरी धूळ. दातकाकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. चणे आहेत तर दात नाहीत अशी ज्यांची अवस्था, त्यांना आपण निदान दात तरी देतो, असं ते म्हणत आणि स्वतःच हसत.

काम शिकवलं मामांनी. वडील लवकर गेले, आईनं पोराला भावाच्या हवाली केलं, आणि मामांनी त्याला पहिल्या दिवशी साचा ओतायला नाही शिकवलं, एक नियम शिकवला. "दात पडले हे ज्याचं त्यानं सांगावं," मामा म्हणाले. "आपण सांगितलं तर त्याचे उरलेले आपण पाडले असं समज." म्हणून मामांच्या डब्यांवर कधी गिऱ्हाइकाचं नाव नसे. प्रत्येक डबीवर एक चित्र असे. कवळी कोरडी ठेवली तर बिघडते, म्हणून ती पाण्यात, झाकणाच्या छोट्या डबीत घालून देतात. ती डबी पाकिटात, आणि पाकीट हातोहात. वाटेत कुणी उघडलंच तर छत्री दिसेल, बदक दिसेल. कुणाचे दात आहेत हे दिसणार नाही. नावं फक्त मामांच्या डोक्यात, आणि मामांनंतर दातकाकांच्या.

आणि दातकाकांनंतर त्यांच्या मुलीच्या. मुलगी आठ वर्षांची. चित्र काढायला तिला वेगळा कागद लागत नसे. हात, वहीचं कव्हर, खिडकीची वाफ, काहीही चाले. डब्यांवरची चित्रं तीच काढू लागली, आणि कुठलं चित्र कुणाचं हे तिच्या इतकं पक्कं ध्यानात राही की दातकाकाच अडले की तिला विचारत. म्हणून तिला घरात सेक्रेटरी म्हणत. नेमणूक करताना त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं.

"हे कुणाला सांगायचं नाही. मैत्रिणीला नाही, शाळेतल्या बाईंना नाही, देवालासुद्धा नाही."

"देवाला माहीत असतंच की बाबा."

"मग सांगायची गरजच नाही. काम वाचलं."

त्या वर्षी अकरा डब्या चालू होत्या. छत्री म्हणजे निवृत्त हेडमास्तर. शिडी म्हणजे केशकर्तनालयवाला, जो दिवसभर गिऱ्हाइकांशी खोखो हसे आणि ज्याच्या हसण्यातला एकही दात त्याचा नव्हता. मासा म्हणजे चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली एक मुलगी. लहानपणी झोपाळ्यावरून पडून पुढचे दोन दात गेलेले, आणि त्याजागी दोन दातांची एक पातळशी कवळी. तिच्या सासरी हे कुणाला माहीत नव्हतं. कवळीची तार सैल झाली तेव्हा ती बाजाराची पिशवी घेऊन आली, ओढणीनं अर्धं तोंड झाकून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, कुणाला कळणार नाही ना?" काकांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीनं मान हलवली आणि डबीवर मासा काढला.

आता हे सगळं बाहेरून कसं दिसत असेल? एक घर, त्याच्या मागच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा. आतून मोटरचा आवाज आणि औषधाचा डोळ्यांत पाणी आणणारा वास. महिन्यातून दोनदा पांढऱ्या पावडरीची पोती उतरतात. माणसं येतात, तोंड झाकून. उंबऱ्यात उभी राहतात, आत येत नाहीत. एक लहानसं पाकीट घेतात, इकडंतिकडं बघतात आणि दोन मिनिटांत चालू लागतात. कधी कधी पाकीट आणून देते ती एक लहान मुलगी. पोलिसांना कुणी फोन केला हे आजवर कळलेलं नाही. पोलिसांनी नऊ दिवस पाळत ठेवली, आणि त्यांच्या वहीत जे लिहिलं होतं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. लावलेला अर्थ तेवढा चुकीचा. मला राग येतो तो ह्याचाच. नऊ दिवसांत एकालाही वाटलं नाही की दार वाजवून विचारावं, काय हो, काय करता तुम्ही?

दार वाजवलं, पण ते रविवारी सकाळी साडेनऊला, आणि दोनदाच. दातकाका मागे मोटरवर बसलेले, त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांची बायको केस धुऊन नुकतीच बाहेर आलेली, डोक्याला टॉवेल. ती "आले, आले" म्हणत निघाली आणि दार तिच्या अंगावरच आलं. सहा माणसं, जाड बूट, आणि सगळे एकाच वेळी ओरडत होते, त्यामुळे काय ओरडतायत हे कळेना. तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. टॉवेल खाली पडला. तिच्या केसांतलं पाणी पाठीवरून टपटप गळत राहिलं आणि ते पुसायला तिला हात खाली घेऊ दिला नाही, दीड तास.

दातकाका बाहेर आले ते तोंडावर फडकं, डोळ्यांना जाड चष्मा आणि कोपरापर्यंत पांढरे हात, अशा अवतारात. ह्याहून वाईट सोंग त्यांनी ठरवूनही घेतलं नसतं. त्यांना जमिनीवर पालथं पाडून एकानं पाठीवर गुडघा दिला, मग ओढून जमिनीवर बसवलं. मागच्या खोलीतून पोतं आलं, छोटा वजनकाटा आला, सुटे दात ठेवायच्या चिमुकल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. एकेक वस्तू आली की त्या सहांतल्या साहेबांचा चेहरा उजळत होता.

"हे काय आहे?"

"प्लास्टर आहे साहेब. दातांचं."

"आणि ह्या डब्या?"

"कवळ्या आहेत. मी कवळ्या करतो."

साहेबांनी एक डबी उघडली. पाण्यात एक आख्खी कवळी त्यांच्याकडे बघून हसत होती. त्यांनी ती बोटांत धरून उलटी केली, उजेडात पाहिली. "माल ह्याच्यात भरतोस होय," ते म्हणाले. "डोकं आहे." अशा वेळीही दातकाकांची नजर सवयीनं साहेबांच्या तोंडात गेली. वरचा डावा सुळा नव्हता. माणसाचा धंदा कुठवर पाठ सोडत नाही बघा.

"ही चित्रं कसली? गिऱ्हाइकं कोण आहेत?"

इथं शहाण्या माणसानं धडाधड नावं सांगितली असती. अकरा जणांना बोलावलं असतं, अकरा जणांनी आ केला असता, आणि प्रकरण चहावर मिटलं असतं. पण दातकाकांच्या कानात मामा बसलेले. ते म्हणाले, "साहेब, ते मला सांगता येणार नाही."

साहेबांनी कानाखाली वाजवली. परत विचारलं. दातकाका पुन्हा म्हणाले, नाही सांगता येणार. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"मारू नका त्यांना. मी सांगते."

सेक्रेटरी दोन्ही हात वर करून उभी होती. मघाशी कुणीतरी ओरडलं होतं "हात वर", तेव्हापासून तिनं ते खाली घेतलेच नव्हते. "नको गं," दातकाका जमिनीवरून म्हणाले. पण ती सांगू लागली. छत्री म्हणजे हेडमास्तर, शाळेच्या मागे राहतात. शिडी म्हणजे केस कापणारे काका. मासा म्हणजे कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरातल्या नव्या ताई. एक शिपाई लिहून घेत होता आणि ती त्याच्या पेनाकडे बघत, त्याला जमेल इतक्या सावकाश सांगत होती. अकराच्या अकरा. एकही चुकली नाही.

"शाबास!" साहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. "बघ, लेकरू खरं बोलतं. बापानं शिकावं." मग त्यांनी दातकाकांना उठवलं, बेड्या घातल्या आणि तिच्या समोरून घेऊन गेले.

आठ वर्षांच्या मुलीनं ह्यातून काय घ्यावं? मी बोलले, शाबासकी मिळाली, आणि बाबांना नेलं. तुम्ही-आम्ही ह्यात कारणं शोधू, कायदा शोधू. तिच्यापुढे दोन गोष्टी घडल्या होत्या, एकीमागून एक.

एकोणीस दिवस दातकाका आत होते. तिथं काय झालं ते त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तीही विचारत नाही. विसाव्या दिवशी तपासणीचा कागद आला. पावडर प्लास्टरची निघाली, घासायची पावडर घासायचीच निघाली, आणि गुलाबी ती गुलाबीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर मुळात नव्हताच. 'चौकशीअंती आक्षेपार्ह काही आढळले नाही' अशी एक ओळ टाइप करून दिली. सामान परत मिळालं. पोती चिरलेली होती आणि ठेवली होती ती ओलीत. प्लास्टरला पाणी लागलं की काय होतं ते दातकाकांना कुणी सांगायला नको होतं. तीन पोती म्हणजे तीन दगड झाले होते. त्या दिवशी घरात होत्या त्या कवळ्याही परत मिळाल्या. प्रत्येकीला आत काही लपवलंय का हे बघायला मधोमध भोक पाडलेलं.

घरी दार नवीन होतं. बायकोनं तिच्या कामावर, शाळेच्या गणवेशाच्या दुकानात, मालकीणबाईंच्या हातापाया पडून सुतार मिळवला होता. दार चांगलं जाड होतं, वर-खाली दोन कड्या. पण ती केस धुवायला घाबरू लागली होती. धुतले तरी पाठीला पाण्याचा एक थेंब लागला की ती जागच्या जागी ताठ होई आणि भिंतीकडे वळे. मग भानावर येई आणि चिडे. चिडायची ती दातकाकांवर, कारण घरात दुसरं चिडण्यासारखं कुणी नव्हतं.

"दोन नावं सांगितली असती तर जीभ झडली असती का तुमची?"

"अगं, पण…"

"तुमच्या मामांचा नियम मामांबरोबर गेला असता तर बरं झालं असतं."

त्यांनी नियम पाळला आणि तो मोडायचं ओझं पोरीच्या डोक्यावर गेलं. हे त्यांना आत, पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाकी सगळं सोसलं त्यांनी, पण हे त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं.

त्या रविवारी दुपारीच पोलीस अकरा घरांत जाऊन आले होते. केशकर्तनालयवाल्यानं तिथल्या तिथं कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या, चाखून बघा." तो माणूसच तसला. पण पिवळ्या घरात सगळे जेवायला बसले होते. सासू, सासरे, दीर, नवरा. "त्या घरातून तुम्ही काय आणलंत?" असं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा त्या मुलीनं हातातला घास ताटात ठेवला. मग तिनं पुढचे दोन दात काढून ताटाशेजारी ठेवले. आठवड्यानं ती माहेरी गेली ती परत आली नाही. गल्लीत हे सगळ्यांना कळलं, सगळ्यांनी ते एकमेकांना सांगितलं, आणि सेक्रेटरीच्या कानावर आल्याशिवाय ते राहणार नव्हतं.

हेडमास्तर आले एका संध्याकाळी, पुढच्या दारानं, तोंडावर रुमाल न धरता. त्यांची कवळी भोक पडून टेबलावर होती, त्यामुळे बोलताना अर्धी अक्षरं हवेत जात होती. "माझ्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं हो," ते म्हणाले. "नातवंडं माझी कवळी लपवून ठेवतात. मीच मूर्खासारखा मागच्या गल्लीनं यायचो." दातकाकांना हसू आलं आणि पाठोपाठ रडू. हेडमास्तर मग मुलीकडे वळले. "काय बाळ, कशी आहेस?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

तेव्हा कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. पण मग ते वाढतच गेलं. हातात घड्याळ असताना किती वाजले म्हटलं तर माहीत नाही. जेवलीस का, तर माहीत नाही. आई कुठं गेली, माहीत नाही. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. लिहायला दिलं तर सगळं बरोबर लिहिते म्हणाल्या, तोंडी विचारलं की जमिनीकडे बघते. हजेरीला स्वतःचं नाव पुकारलं तरी 'हजर' म्हणत नाही. चित्रं काढणं तर त्या रविवारीच थांबलं होतं. घरात ती रडत नसे, हट्ट करत नसे, काही मागत नसे. अशी गुणी पोर कुणाला नको, असं शेजारीण म्हणाली तेव्हा दातकाका उठून आत गेले.

त्यांनी तिला समजावलं नाही असं नाही. मांडीवर घेऊन सांगितलं, बाहेर फिरायला नेऊन सांगितलं. "तुझी काही चूक नाही. तू मला वाचवायला बोललीस. मला घरी सोडलं ना? बघ, आहे मी." ती मान डोलावी, आणि पुढच्या प्रश्नाला माहीत नाही.

मग कानाचं झालं. अंगात ताप, डोळे लाल. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय? माहीत नाही. इथं दुखतंय? माहीत नाही. त्यांनी सगळं तपासत तपासत कानात दिवा धरला आणि त्यांची मान मागे गेली. आत पू साठून पडदा फाटायला आला होता. "चार दिवस तरी हिला भयंकर ठणका असणार," डॉक्टर म्हणाले. "मोठी माणसं ह्यात भिंतीवर डोकं आपटतात. ही बोलली कशी नाही?" औषधानं कान वाचला. बाहेर पडताना डॉक्टर दातकाकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आज कान होता. उद्या पोटात काही झालं आणि ही बोलली नाही, तर मी काही करू शकणार नाही. कुणीतरी हिच्या मनातलं काढायला हवं. तुमचं ती ऐकते, पण मानत नाही."

घरी येईपर्यंत दातकाकांनी ठरवलं. आपलं ती मानणार कसं? आपण तर मार खाणारे. ज्यानं शाबास म्हटलं, ज्यानं बेड्या घातल्या, त्यानंच येऊन सांगायला हवं की चूक आमची होती. मोठ्या माणसाची चूक मोठ्या माणसानंच कबूल केली की पोरीच्या डोक्यावरचं उतरेल. किती सरळ वाटलं त्यांना ते! साच्यात हिरडी नीट बसली की दात आपोआप बसतात, तसलं काहीतरी.

बायकोनं ऐकलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "तो माणूस ह्या घरात? परत?"

"एकदाच. पाच मिनिटं."

"मी त्या दाराच्या कड्या कुणासाठी लावून घेतल्यात?"

"मग दुसरं काय करू, सांग. सांग ना तू."

तिनं भांडं परत उचललं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. दातकाका पोलीस ठाण्याची पायरी पाच वेळा चढले. तीन वेळा साहेब नव्हते. चौथ्यांदा होते पण भेटले नाहीत. पाचव्यांदा दातकाका बाकावरून उठलेच नाहीत. शेवटी साहेब बाहेर आले, वैतागलेले. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा वैताग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नसावं. "माझी धाकटी पण तेवढीच आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "येतो. शनिवारी चारला. साध्या कपड्यांत येतो." माणूस वाईट नव्हता, हे मला सांगावंसं वाटत नाही, पण खरं आहे ते सांगितलं पाहिजे.

शनिवारी दातकाकांनी घर झाडलं. मोटर बंद ठेवली, पडदा बाजूला केला. मुलीला आधी सांगायचं की नाही ह्यावर नवराबायकोचं दोन दिवस चाललं होतं. आधीच सांगितलं तर घाबरेल, म्हणून सांगायचं नाही असं दातकाकांनी ठरवलं. ती टेबलाशी गणितं सोडवत बसली होती. चारला दार वाजलं, अगदी हलकं. दातकाकांनी वरची कडी काढली, खालची काढली, आणि स्वतःच्या हातानं दार उघडलं.

साहेब आत आले. फिका शर्ट, हातात रंगीत खडूंची नवी पेटी. चपला दारात काढाव्यात की नाही अशा विचारात ते घुटमळले आणि म्हणाले, "येऊ ना?"

आवाज ऐकताच मुलीनं मान वर केली. पेन्सिल वहीच्या घडीत ठेवली, वही मिटली. ती उठून आत गेली. पळाली नाही, शांतपणे गेली. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. दातकाका साहेबांकडे बघून कसंनुसं हसले, "येईल, बुजते जरा," म्हणाले.

ती आली तेव्हा तिच्या पाठीला शाळेचं जुनं दप्तर होतं, गच्च भरलेलं. बंद तुटला होता तिथं दोरीनं बांधलेलं. वरच्या फटीतून टॉवेलचं टोक आणि तिच्या फ्रॉकची बाही दिसत होती. असं दप्तर ह्या घरात कधीपासून भरून ठेवलंय हे तिच्या आईला माहीत नव्हतं, बापाला माहीत नव्हतं. ती साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही मनगटं एकमेकांना जुळवून पुढे केली.

"मी कुणालाच काही सांगितलं नाही," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती एवढं लांब बोलत होती. "शाळेत पण नाही. डॉक्टरांना पण नाही. बाईंना विचारा. हजेरीला पण नाही बोलले."

साहेबांनी खडूंची पेटी पुढे केली होती ती तशीच राहिली.

"ह्या वेळी बाबांना नका नेऊ. मला न्या."

"अगं बाळ," साहेब खाली वाकले, "मी तुला न्यायला नाही आलो. तुला कशाला नेईन? तुला नाही नेणार."

तिनं हात खाली घेतले. मग ती वळली, स्वयंपाकघराच्या दारात चहाचं भांडं धरून उभ्या असलेल्या आपल्या आईकडे तिनं पाहिलं, आणि पुन्हा साहेबांकडे.

"मग आईला?"